सयाजीराव नावाचा घोडा

इंग्लंडच्या उत्तर भागात डॉनकॅस्टर नावाचे एक शहर आहे. घोड्यांच्या शर्यतींचे ज्यांना वेड आहे त्यांना ते सेंट लेजर या शर्यतीमुळे माहीत असते. ही शर्यत १७७६ साली सुरू झाली, म्हणजे आपल्याकडे नाना फडणिसांचा कारभार चालू होता तेव्हा. तिच्या विजेत्यांची यादी वाचू लागले की इंग्रजी नावे येतात, मधूनमधून फ्रेंच येतात, ग्रीक पुराणातली येतात. आणि १९४७ या सालापुढे एकाएकी नाव येते, 'सयाजीराव'. छापण्यात काही चूक नाही. सयाजीराव हा घोडाच होता आणि त्याचे मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड.

आमच्या मध्यमवर्गीय घरांतून 'रेस' हा शब्द मोठ्याने उच्चारण्याची सोय नव्हती. रेस म्हणजे पैशाचे वाटोळे, एवढीच तिची ओळख. ती सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. महालक्ष्मीच्या मैदानाने कित्येकांची घरे धुऊन नेली आहेत. परंतु सट्टा लावणाऱ्या माणसाचा इतिहास वेगळा आणि धावणाऱ्या जनावराचा इतिहास वेगळा. दुसऱ्यात जिव्हाळ्याने पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि या एका घोड्याच्या बाबतीत तर तो इतिहास आपल्या घरच्या इतिहासाशी येऊन भिडतो.

प्रथम नावाचे पाहू. घोड्याला आजोबांचे नाव ठेवलेले ऐकून आपल्याला कसेसेच होते. त्यातून ते आजोबा तरी कोण? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचा गोपाळ हा मुलगा १८७५ साली दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. ज्याने आपल्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, गावोगाव वाचनालये काढली, तरुण भीमराव आंबेडकरांना १९१३ साली अमेरिकेत शिकायला पाठवले, तोच हा पुरुष. १९३९ च्या फेब्रुवारीत ते वारले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. नातवाला घोड्यांचा नाद भारी. इंग्लंडात राजांची, सरदारांची, सेनापतींची नावे घोड्यांना देण्याची चाल आहे आणि तिकडे तो गौरवच समजतात. तेव्हा नातवाने हे नाव ठेवले ते आपल्या समजुतीप्रमाणे आदरानेच ठेवले असणार. यॉर्कशायरच्या किंवा आयर्लंडच्या माणसाच्या तोंडी त्या नावाचे काय होत असेल, ते मात्र ज्याचे त्याने कल्पून पाहावे.

प्रतापसिंहरावांचा हा नाद काही विलायतेत सुरू झाला नाही. मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकणारी घोडी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' बडोद्याचीच होती. तिच्यावर एडगर ब्रिट नावाचा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. हा ब्रिट पुढे महाराजांसाठी इंग्लंडात गेला. त्याचे नाव आपल्याला पुन्हा लागणार आहे. गृहस्थ मोठा चिवट. तो २०१७ साली वारला, वयाच्या एकशेतिसाव्या नव्हे, पण एकशेतिनाव्या वर्षी!

आता घोड्याच्या कुळाकडे वळू, कारण या धंद्यात कुळ पाहिल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही. सयाजीरावचा बाप नेआर्को. हा इटलीतला घोडा चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. १९३८ साली तो साठ हजार पौंडांना इंग्लंडात विकला गेला, आणि महायुद्धात बाँब पडू लागले तेव्हा त्याच्यासाठी न्यूमार्केटला खास तळघर बांधले होते. माणसांना जे लाभले नाही ते त्याला लाभले. आई रोझी लेजंड. या जोडप्याला १९४२ साली एक शिंगरू झाले, त्याचे नाव दान्ते. दान्तेला लिलावात उभे केले तर मालकाने धरलेली किंमत कोणी देईना, म्हणून तो घरीच राहिला. आणि त्याच दान्तेने १९४५ च्या जूनमध्ये इंग्लंडची डर्बी जिंकली! पण तेव्हाच त्याच्या डोळ्यांची दृष्टी चालली होती. सप्टेंबरातल्या सेंट लेजरला तो उतरू शकला नाही आणि पुढे अगदी आंधळा झाला.

दान्तेचा सख्खा धाकटा भाऊ १९४४ साली जन्मला होता. थोरल्याने डर्बी मारली त्याच वर्षी धाकटा लिलावाला आला. तेव्हा तो एक वर्षाचा. पाठीवर खोगीर पडलेले नाही, शर्यत म्हणजे काय हे ठाऊक नाही. अशा पोराला बडोद्याच्या महाराजांनी अठ्ठावीस हजार गिनी मोजल्या. एक वर्षाच्या शिंगराला ब्रिटनच्या लिलावात तोवर एवढी किंमत आलेली नव्हती.

एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. म्हणजे २९,४०० पौंड झाले. त्या वेळी रुपयाचा भाव दीड शिलिंग, तेव्हा रुपयांत ही रक्कम भरते बरोबर ३,९२,०००. हा आकडा नुसता मोठा म्हणून सोडून देता येत नाही. आंबेडकरांना बडोद्याची शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. म्हणजे एकंदर ४१४ पौंड. त्या हिशेबाने एका शिंगराच्या किमतीत अशा एकाहत्तर शिष्यवृत्त्या झाल्या असत्या. १९१३ चा पौंड आणि १९४५ चा पौंड एक नव्हे, हे खरे. त्याची किंमत तिसऱ्या हिश्शावर आली असे धरा, तरी तेवीस उरतात. आजोबांचा आणि नातवाचा हिशेब असा एका नावाखाली येऊन बसला.

एवढे पैसे टाकून महाराजांनी काय विकत घेतले होते? हे समजायला शर्यतीचे गणित थोडे जाणून घ्यावे लागते. इंग्लंडातल्या ज्या थोर शर्यतींना क्लासिक म्हणतात त्या फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असतात. सर्व घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. म्हणून प्रत्येक घोड्याला त्या शर्यती आयुष्यात एकदाच मिळतात. हुकले ते हुकले, पुढच्या वर्षी पाहू ही भाषा नाही. त्यांतल्या नरांच्या दृष्टीने महत्त्वाच्या तीन. वसंतात टू थाउजंड गिनीज, अंतर एक मैल. जूनमध्ये डर्बी, दीड मैल. आणि सप्टेंबरात सेंट लेजर, पावणेदोन मैलांहून थोडी अधिक. वर्ष सरते तसे अंतर वाढत जाते, आणि खरी परीक्षा आहे ती यातच.

आमच्या डोलवीकडे, पेणपासून अलिबागपर्यंतच्या खारेपाटात, रेसचा घोडा कोणी पाळला नाही. घोडा पाहायचा तर माथेरानला जावे. परंतु बैलगाडीच्या शर्यती आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाच्या हाडीमासी खिळलेल्या. मध्यंतरी २०१४ पासून त्या न्यायालयाने बंद केल्या होत्या, २०२१ च्या अखेरीस परत सुरू झाल्या. वाळूवरची शर्यत पाहिलेल्या माणसाला वेग आणि दम यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. एक बैल सुटताक्षणी बाणासारखा जातो, आणि पल्ला थोडा वाढवला की त्याच्या तोंडाला फेस येतो. दुसरा आरंभी मागे असतो, पण दुसऱ्याचा श्वास संपतो तेथे त्याचा सुरू होतो. पहिल्याला वेग आहे, दुसऱ्याला दम आहे. दोन्ही एकाच जनावरात क्वचित सापडतात. सापडले तर मग तो दान्तेसारखा निघतो.

१९४७ च्या वसंतात टू थाउजंड गिनीज झाली. तीत ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाचा घोडा असा सुटला की बाकीचे घोडे उभे आहेत की काय असे वाटावे. त्याने शर्यत आठ लांबींनी जिंकली. लांबी म्हणजे घोड्याची नाकापासून शेपटापर्यंतची लांबी, सुमारे आठ फूट. म्हणजे दुसरा घोडा साठपासष्ट फूट मागे. आपला सयाजीराव आला तिसरा. लोकांनी काय म्हटले असेल ते सांगायला नको. एवढी मोठी किंमत, आंधळ्या दान्तेचा भाऊ, आणि तिसरा!

जूनमध्ये डर्बी. एप्समचे मैदान मोठे विचित्र. आधी चढ, मग उतार, उतारावरच वळण. सट्टेबाजांना ट्यूडर मिन्स्ट्रेलविषयी इतकी खात्री की चार पौंड मिळवायचे तर सात पौंड लावावे लागत. पाठीवर गॉर्डन रिचर्ड्स, म्हणजे त्या काळचा इंग्लंडचा पहिल्या नंबरचा जॉकी. पण घोडा सुरुवातीपासून लगाम तोडू पाहू लागला. जॉकी आवरतो आहे, घोडा ओढतो आहे, आणि या झटापटीत जी शक्ती शेवटच्या अर्ध्या मैलासाठी राखायची ती सगळी खर्ची पडली. जिंकला पर्ल डायव्हर नावाचा फ्रान्सहून आलेला घोडा. त्याच्यावर एकास चाळीस असा भाव होता. कोणी त्याला विचारातही घेतले नव्हते. दुसरा आगाखानांचा मिगोली. तिसरा पुन्हा सयाजीराव. आणि ट्यूडर मिन्स्ट्रेल? चौथा.

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात पाहणाऱ्याला दोन्ही वेळा 'सयाजीराव तिसरा' एवढेच दिसले असेल. (हाही एक योग, आजोबांनाही इतिहासात 'सयाजीराव तिसरे' म्हणतात.) पण दोन तिसऱ्यांत फरक आहे. एका मैलावर ज्याने आपल्याला आठ लांबींहून अधिक मागे टाकले होते, तोच दीड मैलावर आपल्या मागे राहिला. अंतर अर्ध्या मैलाने वाढताच पारडे फिरले. नुसती पहिल्या क्रमांकांची गिनती करणाऱ्याला घोड्याची कारकीर्द कळत नाही ती यामुळे. हरलेली शर्यतही वाचता यावी लागते.

ज्यांना ती वाचता आली त्यांनी पुढची दिशा ठरवली. घोड्याचा शिक्षक होता सॅम आर्मस्ट्राँग. हा मूळचा उत्तरेकडच्या मिडलहॅमचा. महाराजांनी न्यूमार्केटला वॉरन प्लेस नावाची मोठी जागा घेऊन त्याला तेथे आणून बसवले होते. घोडा आयर्लंडला नेण्यात आला आणि करागच्या मोकळ्या माळावर दीड मैलाची आयरिश डर्बी त्याने जिंकली. मग सप्टेंबर, आणि डॉनकॅस्टर.

१९४७ चा तो सप्टेंबर. देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झालेला. पंजाब जळत होता, दिल्लीत निर्वासितांच्या छावण्या पडल्या होत्या, संस्थानांचे काय होणार याची बोलणी चालली होती. बडोद्याने भारतात सामील होण्याचे आधीच ठरवले होते, परंतु राज्य अजून नावाने उभे होते. अशा वेळी सहा हजार मैलांवरही नव्हे, साडेचार हजार मैलांवर, एका मराठी संस्थानिकाचा घोडा इंग्लंडच्या सर्वांत जुन्या क्लासिकला उभा राहिला. पाठीवर तोच महालक्ष्मीचा एडगर ब्रिट. समोर मिगोली, ज्याने डर्बीत त्याला मागे टाकले होते. आणि फ्रान्सच्या बुसाक यांचा आर्बार, जो पुढल्या वर्षी अडीच मैलांचा ॲस्कॉट गोल्ड कप जिंकणार होता. म्हणजे दमाला दम भेटलेला. शेवटी सयाजीराव जिंकला तो एका डोक्याच्या अंतराने. पावणेदोन मैल धावून एका डोक्याचा फरक! मिगोली त्यांच्या मागे तिसरा. आणि हा मिगोली काही सामान्य घोडा नव्हता. पुढल्याच साली त्याने पॅरिसची आर्क द ट्रिओंफची शर्यत मारली.

थोरल्या भावाला आंधळेपणामुळे जी शर्यत धावताही आली नाही ती धाकट्याने अशी जिंकली. अठ्ठावीस हजार गिनींचा सौदा शहाणपणाचा होता की काय, हे त्या दिवसापर्यंत कोणाला सांगता आले नसते.

हा दम येतो कोठून? घोडा स्वस्थ उभा असतो तेव्हा त्याचे हृदय मिनिटाला तीसचाळीस ठोके देते. भरधाव असताना तेच दोनशेवीसच्या आसपास जाते. त्याची प्लीहा हे रक्ताचे कोठारच असते. धाव सुरू झाली की ती आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे हमाल ऐनवेळी वाढतात. आणखी एक मौज अशी की भरधाव घोडा एका झेपेला एकच श्वास घेऊ शकतो. पाऊल आणि श्वास एकमेकांना बांधलेले. म्हणून जॉकीशी भांडत धावणारा घोडा लवकर थकतो, त्याची लय मोडते. स्नायूंचेही दोन प्रकार असतात. काही तंतू झटक्याने जोर लावतात आणि लवकर दमतात, काही हळू पण दीर्घकाळ काम करतात. डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवून दिले की मायोस्टॅटिन या एका जनुकाच्या फरकावरून घोडा आखूड पल्ल्याचा की लांब पल्ल्याचा हे पुष्कळसे सांगता येते. १९४५ साली हे कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा बाप पाहायचा, आई पाहायची, थोरला भाऊ पाहायचा, आणि चेक फाडायचा.

या विद्येचा दुसरा धडा महाराजांच्याच तबेल्यात उभा होता. त्याचे नाव 'माय बाबू'. हा सयाजीरावहून एका वर्षाने लहान. १९४८ ची टू थाउजंड गिनीज, म्हणजे मैलाची शर्यत, त्याने चार्ली स्मर्कच्या हाताखाली जिंकली. साहजिकच डर्बीला सर्वांची नजर त्याच्यावर. दीड मैलावर तो चौथा आला. पुन्हा एका मैलावर आणल्याबरोबर ससेक्स स्टेक्स त्याने मारली. एकाच मालकाचे, एकाच शिक्षकाच्या हाताखालचे हे दोन घोडे. एकाने मैल जिंकावा आणि दुसऱ्याने पावणेदोन मैल. दोघांची अदलाबदल केली असती तर महाराजांच्या पदरात दोन क्लासिकांच्या ऐवजी बहुधा एकही पडली नसती. योग्य घोडा योग्य पल्ल्याला लावणे यातच शिक्षकाचे सारे कसब असते, आणि शिक्षकाच्या पेशातल्या माणसाला ते वाचताना थोडे अस्वस्थ व्हायला होते. आपल्या वर्गातही एकाच पल्ल्याची परीक्षा सर्वांना देतो की आपण.

१९४८ साली सयाजीराव चार वर्षांचा झाला. रॉयल ॲस्कॉटला हार्डविक स्टेक्स ही दीड मैलाची शर्यत त्याने जिंकली, आणि त्याच साली त्याचे धावणे थांबले.

इकडे बडोद्यात वेगळीच धाव चालली होती. महाराजांनी राज्याच्या खजिन्यातून मोठमोठ्या रकमा उचलल्याचे निघू लागले आणि लोकांत असंतोष माजला. त्यात घोड्यांचा वाटा किती आणि हिऱ्यामोत्यांचा किती, तो हिशेब बाजूला ठेवू. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची राजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली आणि चिरंजीव फत्तेसिंहरावांना ती दिली. परंतु माणसाचा दुसराही बाजूचा हिशेब मांडला पाहिजे. आजोबांच्या नावाचे विद्यापीठ, महाराजा सयाजीराव विद्यापीठ, १९४९ साली याच प्रतापसिंहरावांच्या हातून उभे राहिले. आजोबांचे नाव त्यांनी दोन ठिकाणी ठेवले. एक ठिकाण अजून विद्यार्थ्यांनी गजबजलेले आहे, दुसऱ्याची गोष्ट आपण ऐकत आहोत.

राज्य गेले तरी घोड्याची कामगिरी संपली नव्हती. शर्यती सुटल्यावर चांगला घोडा पैदाशीला जातो आणि त्याची खरी किंमत तेथे ठरते. सयाजीरावने आपला दम मुलांना दिला. ग्लॅडनेस ही त्याची मुलगी. तिने १९५८ साली लेस्टर पिगॉटला पाठीवर घेऊन ॲस्कॉट गोल्ड कप जिंकला. अडीच मैल! लिंक्रिस नावाच्या दुसऱ्या मुलीने १९६० ची आयरिश ओक्स मिळवली. आणि १९६४ साली डॉनकॅस्टरला सेंट लेजर जिंकणाऱ्या घोड्याचे नाव होते इंडियाना. हा सयाजीरावचा मुलगा. बापाने ज्या मैदानावर एका डोक्याने शर्यत मारली, तेथेच सतरा वर्षांनी मुलगा पहिला आला.

महाराजांनी आर्मस्ट्राँगसाठी घेतलेले वॉरन प्लेस पुढे दुसऱ्यांच्या हाती गेले. तेथेच हेन्री सेसिलच्या देखरेखीखाली फ्रँकेल तयार झाला, जो २०१० ते २०१२ या काळात चौदा शर्यती धावला आणि एकही हरला नाही, नेआर्कोसारखाच. आयर्लंडात करागच्या माळाजवळ न्यूब्रिज येथे महाराजांच्या राज्याचे नाव मिरवणारा 'बडोदा स्टड' आहे. तेथल्या शिंगरांना बडोदे कोठे आहे याची दाद असण्याचे कारण नाही. सयाजीराव १९६६ साली मेला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, प्रतापसिंहराव गेले.